सोंग आणि श्रद्धा : धर्मविडंबनाच्या मर्यादेचा प्रश्न

धर्मविषयक विनोदाची मर्यादा कोठे आखावी, याची चर्चा मराठीत प्रायः दोन टोकांवरून होते. एका बाजूस संतपरंपरेचा दाखला देऊन देवाची थट्टा आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे असे सांगितले जाते. दुसऱ्या बाजूस ‘भावना दुखावल्या’ या दोन शब्दांनी चर्चाच संपवली जाते. विडंबनाचे लक्ष्य कोणते, ते कोणत्या रूपबंधातून येते आणि त्याला उत्तर देण्याची जागा त्या रूपबंधात आहे काय, हे प्रश्न दोन्ही भूमिकांत अनुत्तरित राहतात.

पहिल्या भूमिकेचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे एकनाथांचे ‘हिंदु-तुर्क संवाद’ हे भारूड. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण ही या रचनेची भूमी. जालना रस्त्यावरील करमाडसारख्या त्याच जिल्ह्यातील गावांना शहरी नाट्यगृहातील प्रहसनापेक्षा भारूड आणि तमाशातील गवळण ही धर्मविनोदाची रूपे अधिक जवळची. गवळणीत गणेशस्तवनानंतर पेंद्या आणि मावशी प्रत्यक्ष कृष्णाचीच फिरकी घेतात. पण ती सलगीची थट्टा असते. ‘हिंदु-तुर्क संवादा’तील प्रहार याहून कठोर आहे. त्यातील तुर्क पुराणांतील देवांच्या वर्तनावर आणि मूर्तिपूजेवर बोट ठेवतो. हिंदू उलट विचारतो, की देव सर्वत्र असेल तर पश्चिमेकडेच तोंड का करायचे? पशुहत्येचाही तो जाब विचारतो. एकाच्या तोंडी दख्खनी वळणाची बोली आहे, तर दुसऱ्याच्या तोंडी मराठी. सोळाव्या शतकातील या रचनेत दोन्ही धर्मांच्या मर्मावर आघात आहेत, आणि शेवट दोघांच्या आलिंगनात होतो.

हा आघात पचला कसा? त्याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण संवादाचे : प्रत्येक आरोपाला त्याच रचनेत, तितक्याच ताकदीचे उत्तर मिळते. बाख्तिन ज्याला अनेकस्वरता म्हणतो, तिचे हे रोकडे उदाहरण होय. दुसरे कारण सोंगाचे : भारूडात बोलणारा कवी नसून सोंग असते, आणि सोंगाआडचा अर्थ पारमार्थिक आहे हे श्रोत्याने आधीच मान्य केलेले असते. तिसरे कारण मात्र वाङ्मयबाह्य आहे. बोलणारा संत आहे. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे धाडस उत्तरकालीन श्रोता करीत नाही.

हे तिसरे कारण नजरेआड केले, की परंपरेचा दाखला फसवा ठरतो. आधुनिक प्रहसनकाराजवळ संतत्वाचे कवच नसते. संतोष पवार यांच्या ‘आम्ही पाचपुते’ या नाटकाने महाभारताचे विडंबन केले. देवतांची विटंबना झाली असा आक्षेप घेत त्याला विरोध झाला, आणि 4 जून 2008 रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या आवारात बॉम्बस्फोट झाला. त्यात माणसे जखमी झाली. 2011 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने या प्रकरणी दोघांना शिक्षा ठोठावली. पौराणिक प्रहसनात पुराणातील नाव हा बहुधा मुखवटा असतो; त्याआडून बोलला जातो तो समकालीन व्यवहार. आक्षेपक मुखवट्यालाच लक्ष्य समजतो. देवता, देवतेची कथा, भक्त आणि देवाच्या नावावर जगणारा मध्यस्थ ही चार भिन्न लक्ष्ये आहेत. त्यांतील भेद पुसला गेला, की कोणतेही विडंबन विटंबना ठरवता येते.

कायद्याची भाषा या भेदाला अगदीच पारखी नाही. 1927 मध्ये दंडसंहितेत आलेले कलम 295-अ, आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम 299, यांना केवळ दुखावलेपण पुरत नाही. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. हिंसेच्या धमकीपुढे नमून राज्याने अभिव्यक्ती दडपणे गैर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या रंगराजन खटल्यात स्पष्ट केले. अडचण आहे ती व्यवहारात. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वीच परिनिरीक्षण मंडळापुढे जाते. या पूर्वपरवानगीलाच अमोल पालेकर यांनी 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. विनोद तर आवाजाच्या चढउतारात, थांबण्यात, नटाच्या भुवईत असतो. कागदावर उरतात ती केवळ नावे. संहितेवरून हेतू ताडणारी यंत्रणा आणि नाटक न पाहता खवळणारा आक्षेपक, दोघेही एकच चूक करतात.

एकनाथांच्या भारुडातून निघणारा निकष हा, की उत्तराची वाट मोकळी ठेवणारे विडंबन अधिक खोल जाते, आणि प्रतिपक्षाला मुके करून केलेली चेष्टा वाङ्मयदृष्ट्या उथळ राहते. मात्र हा निकष समीक्षेचा आहे, दंडविधानाचा नव्हे. उथळ प्रहसन हे वाईट प्रहसन असते. तेवढ्यावरून ते गुन्हा ठरत नाही. संतांच्या सोंगाला स्वातंत्र्य देण्यात समाजाची कसोटी लागत नाही, कारण तेथे श्रद्धाच संरक्षक असते. कसोटी लागते ती ज्याच्यामागे श्रद्धेचे पाठबळ नाही, अशा सामान्य सोंगाड्यापाशी. त्याचा विनोद फसला तर त्याला समीक्षकाने झोडपावे, प्रेक्षकाने पाठ फिरवावी, प्रतिपक्षाने दुसरे नाटक लिहावे. ‘हिंदु-तुर्क संवादा’त तुर्काला आणि हिंदूला एकमेकांचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते, आलिंगन त्यानंतरच येते.