करण थापर : काटेरी कुंपण आणि पीक

करण थापर यांच्या कारकिर्दीबद्दल आज बोलायचं आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आमचा मापदंड जरा जुना आहे, तो चालवून घ्या.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोघांनाही सत्य हवं असतं, जल्पात विजय हवा असतो. वितंडेत मात्र स्वतःची बाजू मांडायचीच नसते, समोरच्याची तेवढी पाडायची. आता थापरांच्या गाजलेल्या कार्यक्रमाचं नाव आठवा : 'डेव्हिल्स ॲडव्होकेट', सैतानाचा वकील! म्हणजे आपण वैतंडिक आहोत हे ते नावातच कबूल करतात.

मराठीत 'वितंडवाद' ही जवळजवळ शिवी झाली आहे. पण सूत्रकार गौतम तसं मानत नाहीत. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्या लावतात ना, तशी वितंडा सत्याच्या रक्षणासाठी असते, असं ते म्हणतात. सत्ताधाऱ्यांसमोर असं कुंपण लागतंच. २००४ मध्ये बीबीसीसाठी जयललितांची मुलाखत घेताना थापर टोचत राहिले, कारण त्यांचा गृहपाठ पक्का होता. आजच्या चर्चांमधला आरडाओरडा ही त्यांची परंपरा नव्हे. ते एकाच माणसाला, समोरासमोर, तयारीनिशी विचारतात.

पण आमचा आक्षेप आहे. २००७ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी २००२ च्या दंगलींवरच्या प्रश्नांनंतर तीनेक मिनिटांतच उठून गेले. प्रश्न योग्यच होते. उत्तर देणं टाळलं गेलं, हेही प्रेक्षकांनी पाहिलं. पण त्यापलीकडे हाती काय आलं? कुंपण दिसलं, पीक दिसलं नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते उठून जाणं. प्रश्न मागे पडले.

याउलट २०२३ मध्ये 'द वायर'साठी त्यांनी जम्मू-काश्मीरचे माजी राज्यपाल सत्यपाल मलिक यांना पुलवामाबद्दल बोलतं केलं. तिथे थापर खोदत होते, पण समोरच्याला बोलू देत होते. आमच्या मते हा 'वादा'च्या जवळ जाणारा थापर अधिक मोठा पत्रकार आहे.

अर्थात, मलिक तेव्हा सत्तेत नव्हते. सत्तेत असलेला माणूस समोर बसायलाच तयार नसेल, तर वाद करायचा कुणाशी? थापरांच्या दोषांची यादी आम्ही केली खरी, पण हा दोष त्यांच्या खात्यात टाकता येत नाही. तो आपल्या, म्हणजे मतदारांच्या, खात्यात जातो.