मित्राचं सुतक

आपल्याकडे मित्राचं सुतक लागत नाही. वर्षानुवर्षं तोंड न पाहिलेला भावकीतला चुलता गेला तरी दहा दिवस घरातली देवपूजा बंद राहते. आणि ज्याच्याबरोबर वसतिगृहाची एक खोली वाटून घेतली, घरच्यांना न सांगितलेलं ज्याला सांगितलं, तो गेला तर स्मशानातून येऊन आंघोळ करायची आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं. त्याच्या घरी रडण्याचा हक्क आईचा, बायकोचा, भावाबहिणींचा. मित्र तिरडीचं सामान आणतो, बाहेरगावच्या नातलगांना फोन करतो, दाराशी उभा राहतो. त्याचं काय झालंय हे कोणी विचारत नाही, कारण विचारायची रीतच नाही.

कालिदासाकडेही हेच दिसतं. रघुवंशात इंदुमतीसाठी अज रडतो, कुमारसंभवात मदनासाठी रती रडते. दोन्ही विलापांना कालिदासाने वियोगिनी हे एकच वृत्त दिलं. रतिविलापात मदनाचा मित्र वसंत समोर हजर आहे. रती त्याला चिता रचायला सांगते आणि आकाशवाणी झाल्यावर तो तिची समजूत घालतो. त्याचा स्वतःचा मित्र जळून राख झाला, पण त्याच्या विलापाला सर्ग नाही.

इंग्रजी कवी आल्फ्रेड टेनिसन याने वसंताच्या जागी उभं राहून १३१ तुकड्यांची, शिवाय आरंभ आणि समारोप असलेली दीर्घ विलापिका लिहिली: ‘इन मेमोरियम ए. एच. एच.’. ती एम.ए.च्या वर्गात शिकवतात तेव्हा श्रद्धा आणि विज्ञान यांच्या संघर्षाचं काव्य म्हणून शिकवतात. तसं ते आहेही. पण मला ती आधी एका मित्राची कविता वाटते, ज्याला शोक करायचा आहे आणि कोणत्या नात्याने करावा हे ठाऊक नाही.

ए. एच. एच. म्हणजे आर्थर हेन्री हॅलम, इतिहासकार हेन्री हॅलम यांचा मुलगा. टेनिसन आणि तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात भेटले. १८२९ मध्ये विद्यापीठाच्या काव्यस्पर्धेत दोघांनीही भाग घेतला होता. विषय होता टिंबक्टू, आणि पदक टेनिसनला मिळालं. त्याच वर्षी दोघं ‘अपॉसल्स’ नावाच्या विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळात आले. १८३० च्या उन्हाळ्यात स्पेनमधल्या बंडखोरांना मदत पोचवायला ही जोडी पिरेनीज पर्वतापर्यंत गेली. वडील वारल्यामुळे टेनिसनने १८३१ मध्ये पदवी न घेताच केंब्रिज सोडलं, पण मैत्री तुटली नाही. हॅलमचं लग्न टेनिसनच्या बहिणीशी, एमिलीशी ठरलं. मित्राच्या पहिल्या स्वतंत्र कवितासंग्रहावर त्याने भरभरून लिहिलं. वडिलांबरोबर युरोपच्या प्रवासात असताना १५ सप्टेंबर १८३३ रोजी व्हिएन्नात तो अचानक गेला. वय २२. वडील बाहेरून परत आले तेव्हा त्यांना वाटलं, मुलाचा कोचावर डोळा लागलाय. शव त्रिएस्तहून जहाजाने इंग्लंडला आणलं आणि ३ जानेवारी १८३४ रोजी क्लीव्हडन या समुद्रकाठच्या गावी चर्चमध्ये पुरलं. टेनिसन अंत्यविधीला नव्हता. तिथे तो पहिल्यांदा गेला १८५० मध्ये, लग्नानंतर बायकोला घेऊन.

मधली १७ वर्षं तो ही कविता लिहीत होता. एका लांबट, हिशेबाच्या चोपडीसारख्या वहीत तुकडे साठत गेले. सगळ्या तुकड्यांना एकच घडण आहे: चार आखूड ओळींचं कडवं, त्यात मधल्या दोन ओळींचं यमक जुळतं आणि चौथी ओळ पहिलीकडे वळते. हे कडवं मोठ्याने म्हणून पाहावं. मधल्या दोन ओळींत आवाज थोडा चढतो, वाटतं आता काही हाती लागणार, आणि चौथी ओळ आपल्याला निघाल्या जागी आणून सोडते. उंबऱ्यापर्यंत जाऊन माघारी फिरावं तसं. शेकडो कडवी हीच चाल. कंटाळा येतो अशी तक्रार करणारे वाचक आहेत, पण तो एकसुरीपणा मला शोकाचाच भाग वाटतो. अजविलापाला जसं वियोगिनी, तसं या दुःखाला हे कडवं सापडलं.

आता सहावा तुकडा. सुरुवातीला सांत्वनाची पत्रं आहेत. आणखी मित्र आहेत की तुला, मरण काय कोणाला चुकलंय, असलं बोलणं. आपल्या गावोगावच्या ओसरीवर हेच ऐकू येतं. टेनिसनला त्याचा राग येतो: सगळ्यांचंच दुःख म्हणून माझं दुःख हलकं कसं होईल? मग तो तीन घरं दाखवतो. एका घरी बाप मुलाच्या नावाने पेला उचलतो आणि त्याच क्षणी रणांगणावर मुलाला गोळी लागलेली असते. दुसऱ्या घरी आई खलाशी मुलासाठी प्रार्थना करते आणि तिकडे त्याचं शव समुद्रात सोडलं जात असतं. तिसऱ्या घरातली मुलगी नटते आहे, तो येणार म्हणून. कोणती फीत त्याला आवडेल याचा विचार करते, निघता निघता पुन्हा आरशापाशी येऊन एक बट सारखी करते. तो मात्र वाटेतच संपलेला आहे. या तिघांच्या मध्येच कवी हळूच स्वतःला बसवतो: त्या घडीला मीही त्याला आवडेल असं काहीतरी लिहीत होतो. मुलीची बट आणि कवीची ओळ एका तराजूत पडतात. शेवटी तो म्हणतो की आता तिला जन्मभर कुमारिका राहणं आलं आणि मला दुसरा मित्र नाही. प्रत्यक्षात एमिलीने १८४२ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं. त्यात तिचं काही चुकलं नाही. तिच्या दुःखाला जगाने नाव दिलं होतं, म्हणून त्याला शेवटही असू शकला. भावाचं दुःख मात्र बिननावाचं, ते चालूच राहिलं.

हे नाव शोधणं कवितेभर चालतं. कधी तो विधुर होतो: झोपेत हात चाचपडतो आणि शेजारची जागा रिकामी लागते. कधी वरच्या घराण्यातल्या पुरुषावर जीव लावून बसलेली गरीब मुलगी होतो. कधी विद्वान नवऱ्याची घरकामात गढलेली बायको, जिला त्याचं बोलणं कळत नाही पण त्याच्यावरचा विश्वास ढळत नाही. या उपमा काहींना अतिरेकी वाटल्या. ‘टाइम्स’च्या समीक्षकाने १८५१ मध्ये पुरुषाबद्दलच्या या प्रेमभाषेवर नापसंती दाखवली. मला त्यात एक अगतिकता दिसते. मित्राच्या शोकाची स्वतःची भाषा नाही, म्हणून तो दारोदार फिरून दुसऱ्यांच्या शोकाची वस्त्रं उसनी आणतो आहे.

शव आणणाऱ्या जहाजाबद्दलच्या तुकड्यांतला चौदावा तर अंगावर येतो. कोणी येऊन सांगितलं की जहाज धक्क्याला लागलं, आणि मी गेलो, आणि उतारूंच्या गर्दीतून तोच पुढे आला, हातात हात घेऊन घरच्या चौकश्या करू लागला, तर? मग मी त्याला माझं सगळं दुःख सांगेन, आणि त्याला माझ्या अवस्थेचं नवल वाटेल. या कल्पनेत वेडेपणा आहे आणि अगदी खरेपणाही आहे. जिवाभावाचा मित्र गेला ही बातमी ज्याला सर्वांत आधी सांगावीशी वाटते, तो तोच असतो.

आणि ८७वा तुकडा. कॉलेजच्या मित्रावर याहून चांगलं लिहिलेलं मी वाचलेलं नाही. कवी ट्रिनिटीला परत जातो. जिथे विद्यार्थ्याचा झगा घालून वावरला त्या भिंतींजवळून जातो, चॅपेलमधला ऑर्गन ऐकतो, नदीवर वल्ह्यांचा ठेका ऐकतो, पुलांवरून हिंडतो, लाइमच्या झाडांच्या लांब रांगेतून चालत हॅलमच्या खोल्यांपाशी पोचतो. दारावर दुसरंच नाव. तो तिथे घुटमळतो. आतून गाणी, टाळ्या, पेले फुटण्याचा आणि जमिनीवर पाय आपटण्याचा आवाज येतो. आत जी पोरं आहेत ती मजेत आहेत, आणि त्यांचा काही दोष नाही. टेनिसन त्यांच्यावर चिडत नाही, उपदेश करत नाही; आवाज फक्त नोंदवतो. वसतिगृहाच्या जुन्या खोलीपाशी जो कधी उभा राहिला असेल, त्याला ते दुसरं नाव कसं लागतं ते सांगायला नको.

त्या गोंगाटातूनच स्मृती उघडते. याच खोलीत आम्ही वाद घालायचो: मन, कला, कामगार, बदलता बाजार, देशाची घडण. एकाचा बाण ढिला सुटायचा, दुसऱ्याचा कडेच्या वर्तुळाला लागायचा, आणि शेवटी हॅलम नेमका मध्य भेदायचा. त्याच्या बोलण्याचा आशय टेनिसन इथे देत नाही. देतो ती ऐकणाऱ्यांची अवस्था, बोलता बोलता उजळत गेलेला चेहरा, आणि शेवटच्या ओळीत भुवयांवरचा कपाळाचा उंचवटा, मायकेलअँजेलोची आठवण करून देणारा. इतक्या मोठ्या चर्चेनंतर कवितेच्या हाती उरतं ते एक हाड. माणूस गेल्यावर त्याचे मुद्दे आपण विसरतो. बोलताना तो कपाळाला कशी आठी घालायचा हे विसरत नाही. थोडं पुढे येणारा ८९वा तुकडा मला तितकाच प्रिय आहे: हॅलम लंडनहून कायद्याचा अभ्यास टाकून टेनिसनच्या सॉमर्सबीच्या घरी येतो, हिरवळीवर लोळत इटालियन कवी वाचून दाखवतो, शहरी आयुष्यावर तोंडसुख घेतो. घरी परतताना चरव्यांत पडणाऱ्या दुधाचा आवाज ऐकू येतो.

मधले ५४ ते ५६ हे तुकडे, खडकांतले जीवाश्म पाहून हादरलेले, फार गाजले. डार्विनचा ग्रंथ यायच्या आधी नऊ वर्षं ही भीती छापली गेली, हे थोर आहेच. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी तिथे रेंगाळत नाही. समारोप मात्र मला पटत नाही. दुसऱ्या एका बहिणीच्या लग्नसोहळ्यात कविता संपते, आणि १७ वर्षांचं दुःख जणू विश्वाच्या प्रगतीत विरघळतं. कवीला ते हवं होतं, हे समजतं. पण लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर, हॅलमच्या घरासमोर, पहाटे रिमझिम पावसात बंद दाराकडे पाहणाऱ्या सातव्या तुकड्यातल्या माणसावर माझा जास्त विश्वास आहे. ११९व्या तुकड्यात तो त्याच दारी पुन्हा येतो आणि रडत नाही. तेवढं सावरणं खरं वाटतं. त्यापुढचं सगळं घाईने जुळवलेलं.

पुस्तक १८५० मध्ये निनावी निघालं. त्याच वर्षी टेनिसन राजकवी झाला आणि दोन वर्षांनी झालेल्या मुलाचं नाव त्याने हॅलम ठेवलं. १८६१ मध्ये प्रिन्स आल्बर्ट वारले तेव्हा राणी व्हिक्टोरियाने हे पुस्तक जवळ केलं. विधुराच्या अश्रूंचा जो तुकडा आहे, तिथे तिने आपल्या प्रतीत विधुराची विधवा केली. मित्राने नवऱ्याचं दुःख उसनं घेतलं होतं. एका बायकोने ते मित्राकडून परत घेतलं.

नव्याने वाचणाऱ्याने पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. आरंभीची प्रार्थना सर्वांत शेवटी, १८४९ मध्ये लिहिलेली आहे आणि ती दारातच वाचकाला गंभीर करून टाकते. आधी ८७वा तुकडा वाचावा, मग सहावा, सातवा आणि चौदावा. त्यानंतर एखाद्या निवांत रात्री ९५वा: सगळे झोपायला गेल्यावर कवी हिरवळीवर एकटाच बसून मित्राची जुनी पत्रं वाचत राहतो, एकेक ओळ करत, पहाट होईपर्यंत. प्रार्थना मागाहून वाचली तरी चालेल.