भूमीचे रूप आणि भूमीचा पोत : व्हिडिओ खेळांतील सह्याद्रीविषयी काही विचार

निसर्गदृश्याची समीक्षा आपल्याकडे चित्रकला व कादंबरी यांच्यापुरती मर्यादित राहिली आहे. गेल्या काही दशकांत व्हिडिओ खेळांनी निसर्गाची एक निराळीच प्रतिमा घडविली. ती नुसती पाहावयाची नसते. तिच्यावरून चालावयाचे असते. अशी भूमी रचणाऱ्याने भूमीविषयी काय गृहीत धरले आहे, हा प्रश्न समीक्षेच्याच कक्षेतला होय. येथे तो सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या भूमीवर घासून पाहावयाचा आहे.

रचनेची प्रचलित रीत प्रथम सांगितली पाहिजे. भूमीचे रूप बहुधा एका करड्या चित्रातून निर्माण होते. चित्रातील प्रत्येक बिंदू जितका उजळ, तितकी त्या ठिकाणची जमीन उंच. हे चित्र रचनाकार हाताने रंगवितो, उपग्रहाच्या मोजणीवरून घेतो, किंवा केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणिती पद्धतीसारख्या युक्तीने यंत्राकडून काढवून घेतो. अशा रीतीने रूप सिद्ध झाले की त्यावर पोत चढतो : माती, गवत, खडक, वाळू यांची लहान चित्रे पुन्हापुन्हा अंथरावयाची आणि कोठे कोणते किती दिसावे याचे प्रमाण दुसऱ्या एका चित्रात नोंदवावयाचे. हे काम पुष्कळदा एका सोप्या नियमावर सोपविले जाते : सपाटीवर गवत, चढावर खडक.

या रीतीत एक मर्यादा जन्मजात आहे. एका बिंदूस एकच उंची असल्याने कपार, गुहा किंवा पुढे झुकलेला कडा यांना तीत स्थानच नाही. ते वेगळे घडवून वरून बसवावे लागतात. दुसरी अडचण मोजणीची. २००० सालच्या फेब्रुवारीत ‘एंडेव्हर’ या अंतराळयानातून झालेल्या रडार-मोजणीची आकडेवारी आज सर्वांस खुली आहे आणि तिच्यातील दोन बिंदूंमधील अंतर सुमारे ३० मीटर आहे. आता साताऱ्याच्या एखाद्या डोंगरी किल्ल्याचा २५ मीटर उंचीचा उभा कडा घ्या. तो दोन बिंदूंच्या मध्ये सापडला की त्याचा सुमारे ४० अंशांचा उतार होतो. आणि ४५ अंशांखाली गवत असा नियम ठरविलेला असल्यास त्या कड्यावर गवतही उगवते! ज्या ठिकाणी कडा हाच निम्मा तट आहे, तेथे ही चूक बारीकसारीक म्हणता येणार नाही. किल्ला तेथे का बांधला, याचे कारणच चित्रातून निघून जाते.

सह्याद्रीच्या या भागाचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. थर जवळजवळ आडवे असल्याने डोंगराला पायऱ्यापायऱ्यांचे रूप आले. ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरीवाचक स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. येथे रूप आणि पोत या दोन गोष्टी नव्हेतच. पायरी का आहे याचे उत्तर खडकात आहे आणि गवत कोठे आहे याचे उत्तर पायरीत. कासच्या पठारावर तर उपरोक्त नियम उलटा होतो. जांभ्या दगडाच्या त्या विस्तीर्ण सपाटीवर मातीचा थर इतका पातळ की पावसाळ्यात फुले आणि दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती येतात, पण झाड धरत नाही. झाडी आहे ती उतारांवर. सपाटीवर खडक आणि उतारावर रान! नियमाने रंगविलेले कास हे कास राहणार नाही.

वनस्पती उताराचे अंश मोजून उगवत नाही. मातीची जाडी आणि तीत टिकणारे पाणी यांवर ती ठरते. हे आमच्याकडील मुलांना ठाऊक असते. दिवाळीचा किल्ला करताना दगडविटांच्या राशीवर चिखलात भिजविलेले गोणपाट टाकतात, माती लिंपतात आणि अळीव किंवा मोहरी पेरतात. जेथे माती जाड आणि ओल टिकली तेथे हिरवे होते. उभ्या अंगावर माती गळते आणि तो भाग आपोआप उघडा राहतो. पोत तेथे कोणी ‘चढवीत’ नाही.

‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७) या नॉटी डॉग संस्थेच्या खेळातील एक संपूर्ण प्रकरण पश्चिम घाटाच्या नावाने आहे. मोकळ्या प्रदेशात जीप हाकावयाची आणि भोवतालची स्थळे हव्या त्या क्रमाने शोधावयाची, अशी त्याची मांडणी. त्यातील ओल्या मातीचे चित्रण आमच्या मते फारच उत्तम आहे. चाक घसरते, चढावर जीप अडते. पोत नुसता डोळ्यांचा न राहता गतीचा होतो. डोंगर मात्र आडोसा करण्यासाठी आणि वाट वळविण्यासाठी उभे आहेत. एका कड्यावरील थराची रेषा समोरच्या कड्यावर शोधू गेल्यास ती मिळत नाही. कथा होयसळांची, म्हणजे कर्नाटकातली, आणि तेथील खडक आपल्या काळ्या पाषाणाहून वेगळा. तेव्हा सातारचे थर तेथे मागणे अन्यायाचे होईल. परंतु कोणत्याही एका खडकाचे म्हणणे त्या डोंगरांत ऐकू येत नाही, हा आक्षेप उरतोच.

सांगलीची गोष्ट निराळी. कृष्णाकाठची काळी जमीन खेळाच्या रचनाकारास रिकामी वाटेल. चढ नाही, आडोसा नाही. वस्तुतः तेथे हातभर उंचीचाही अर्थ आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. कोणती पेठ बुडाली आणि कोणती वाचली, हे या १२ फुटांनी, म्हणजे पावणेचार मीटरांहूनही कमी अंतराने ठरविले. वर उल्लेखिलेल्या मोजणीत उंचीच्या चुकीची ठरविलेली मर्यादा १६ मीटर होती. प्रत्यक्षात ती मोजणी पुष्कळ ठिकाणी याहून बरी उतरली. तरीही तिच्यावरून रचलेल्या सांगलीत पूर कोणत्या गल्लीत शिरेल हे कळणार नाही, आणि तेथे वाढलेल्या माणसाला मात्र ते आपल्या घराच्या पायऱ्या मोजून सांगता येते.