रॉनचा डबा आणि आपला परीस

लेकाला गोष्ट वाचून दाखवता दाखवता आपणच आधी झोपून जायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. पुण्याहून आणलेलं ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हाती घेतलं आणि उलटंच झालं. तो झोपला तरी मी पुढचं प्रकरण वाचत बसले, आणि उरलेलं सकाळी एमआरटीत, टॅम्पिनिस ते रॅफल्स प्लेस, उभ्याने! सतरा प्रकरणं आठवड्यात संपली.

मुलांना यात काय आवडतं ते सांगायला समीक्षक नको. घुबडं, उडते झाडू, तीन डोक्यांचा कुत्रा. माझी गाडी अडली ती मात्र हॉगवर्ट्सच्या आगगाडीत. रॉन आईनं दिलेली सँडविचेस उघडतो, तर आत त्याला न आवडणारं कॉर्न्ड बीफ. आई नेहमी विसरते, अशी कुरकुर करतो आणि लगेच तिची बाजूही घेतो, की पाच जणांचं करता करता तिला वेळ कुठे मिळतो! समोर हॅरी, ज्याला आजवर वाटून खायला काही नव्हतं आणि वाटून घ्यायला कुणी नव्हतं. रोलिंगबाईंनी हे चार-सहा ओळींत उरकलं आहे. मी वाचता वाचता थांबले, कारण त्याच सकाळी आमच्या डब्यात दुधी गेला होता. “आई, पुढे वाच ना!” हीच वीझलीबाई नाताळात परक्या हॅरीलाही स्वेटर विणून पाठवते. रॉनला मात्र दरवर्षी तोच नावडता मरून रंग.

आपल्या भा. रा. भागवतांनीही फास्टर फेणेला फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात धाडलं होतं. आईबाप जवळ असले की साहस कसलं होणार?

मराठी अनुवादाचं नाव मला फार आवडलं. मूळ इंग्रजी नाव १९९८ साली अमेरिकेत बदलावं लागलं. आपल्याकडे ‘परीस’ तयारच होता. पण लेकानं विचारलं, “परीस म्हणजे?” लोखंडाचं सोनं करणारा दगड, मी म्हटलं. आणि मग माझ्याच लक्षात आलं, की गोष्टीतल्या दगडापासून अमृतही निघतं. त्याच्याच जोरावर निकोलस फ्लामेल ६६५ वर्षांचा झाला आहे. आपला परीस सोनं करतो, अमर करत नाही. खलनायकाला तर सोनं नकोच आहे, त्याला जगायचं आहे. म्हणजे नाव गोड, पण नेमकं तेच त्यातून निसटतं.

शेवट मात्र मला पटला नाही. स्लिदरिनचे ४७२ गुण, ग्रिफिंडॉरचे ३१२, आणि डम्बलडोर ऐन मेजवानीत १७० गुण वाटून मोकळे! पीएसएलईच्या एकेका गुणासाठी घरंच्या घरं टांगणीला लागतात अशा गावात राहून हे कसं पचावं? त्या स्लिदरिनच्या पोरांनी घरी काय सांगितलं असेल? लेकाला अर्थात यात काहीच वावगं दिसेना. शेवटचे दहा गुण नेव्हिलला मिळाले, तेही स्वतःच्या मित्रांना अडवल्याबद्दल, तेव्हा माझी तक्रारही जरा मऊ पडली.

दुसऱ्या भागाचं मराठी पुस्तक कुणी भारतातून आणेपर्यंत त्याला दम निघेना. लायब्ररीतून इंग्रजी आणलं आणि आता एकटाच वाचतो, मनातल्या मनात. तो झोपला की मी ते उशाखालून हळूच काढून घेते. खूण मात्र त्याच्याच पानावर ठेवावी लागते.