‘आमची अमेरिका’ आणि ‘अमेरिकन’ या नांवाचा अधिकार

होसे मार्ती या क्यूबन देशभक्तांचा ‘नुएस्त्रा आमेरिका’ म्हणजे ‘आमची अमेरिका’ हा निबंध ता. १ जानेवारी १८९१ रोजीं न्यूयॉर्क येथील एका स्पॅनिश नियतकालिकांत व त्याच महिन्याच्या अखेरीस मेक्सिकोंतील एका वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला. क्यूबा त्या वेळीं स्पेनच्या ताब्यांत होतें. लेखक न्यूयॉर्कास हद्दपारींत दिवस काढीत होते. वॉशिंग्टन येथें भरलेली अमेरिकन राष्ट्रांची परिषद १८९० सालींच आटोपली होती. निबंधाच्या वाङ्मयीन गुणांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें केवळ त्याच्या मथळ्यांतील पहिल्या शब्दाचा विचार कर्तव्य आहे. ‘आमची’ म्हटलें कीं दुसऱ्या कोणाची तरी एक अमेरिका आहे हें गृहीत धरलें जातें. ज्या नांवावर हक्क सांगावयाचा त्याची वांटणी लेखकांनीं आरंभींच मान्य केली, असें आमचें मत आहे.

कागदपत्रें पाहतां तसें करण्याचें कारण नव्हतें. वाल्डझेम्यूलर यानें १५०७ सालीं काढलेल्या नकाशांत ‘अमेरिका’ हीं अक्षरें दक्षिणेकडील भूभागावर आहेत. उत्तर व दक्षिण या दोहोंस तें नांव मर्केटरच्या १५३८ च्या नकाशांत लागलें. याहून महत्त्वाचा पुरावा मेक्सिकोचा. चिल्पान्सिंगो येथील काँग्रेसनें ता. ६ नोव्हेंबर १८१३ रोजीं जो स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला तो ‘उत्तर अमेरिके’चा, पुढील वर्षाच्या आपात्सिंगानच्या घटनेंत ‘मेक्सिकन अमेरिका’ असा शब्द आहे. (त्याच १८१३ सालीं हॉल व नॉट हे मिशनरी मुंबईस उतरले. ‘अमेरिकन मिशन’ म्हणतांना आपल्याकडे पेरू किंवा ब्राझील कोणाच्या मनांत आलें नसेल!) आतां गंमत पाहा. मार्ती आपल्या शेजाऱ्यास ‘उत्तर अमेरिका’ म्हणतात, आणि तेंही मेक्सिकन वाचकांपुढें! ज्यांच्या वडिलांनीं तें नांव स्वतःकडे घेतलें होतें, त्यांनींच तें शेजाऱ्यास देऊन टाकलें. दुरुस्तीसाठीं घेतलेला शब्दही अखेर मेक्सिको व कॅनडा यांस वगळतो.

मजकुरांत मात्र मथळ्यापेक्षां अधिक धीटपणा आहे. युरोपीय विद्यापीठानें अमेरिकन विद्यापीठास जागा करून द्यावी असें ते लिहितात, तेथें ‘अमेरिकन’ हा शब्द कोणत्याही विशेषणाविना स्वतःकडे घेतलेला आहे.

संयुक्त संस्थानांनीं नांव चोरलें, हा आक्षेप मात्र आम्हांस टिकाऊ वाटत नाहीं. १७७६ सालीं त्या खंडांत दुसरें एकही वसाहती राष्ट्र स्वतंत्र झालें नव्हतें, आणि त्या राज्याच्या पूर्ण नांवापासून इंग्रजींत सोईचें विशेषणही होत नाहीं. स्पॅनिशमध्यें ‘एस्तादोउनिदेन्से’ असा शब्द आहे. ‘अमेरिकन’ हा शब्द केवळ त्या एका देशाच्या रहिवाशांपुरता वापरूं नये, असा सल्ला स्पॅनिश अकादमीच्या २००५ च्या शब्दकोशांतही आहे.

खरा पेंच निराळाच आहे. बोलिव्हार यांनीं ता. ६ सप्टेंबर १८१५ च्या जमैका-पत्रांत आपण इंडियनही नव्हे, युरोपीयही नव्हे, देशाचे न्याय्य मालक व स्पॅनिश बळकावणारे यांच्यामधले आहों, असें स्वच्छ लिहिलें आहे. म्हणजे मालक कोण हें ठाऊक असूनही ‘अमेरिकन’ हें नांव मधल्यानें घेतलें! मार्ती या बाबतींत बोलिव्हारपेक्षां निःसंशय पुढें आहेत. इंडियन व निग्रो यांस ते आपल्या अमेरिकेचे घटक मानतात. ग्रीसचा इतिहास राहिला तरी चालेल, पण इन्कांपासूनचा अमेरिकेचा इतिहास शिकवावा, असा त्यांचा आग्रह आहे. तरीही ‘आमची’ हें इंडियनाविषयीं बोललेलें आहे, इंडियनाच्या तोंडचें नव्हे. मूळच्या रहिवाशांच्या अनेक संघटनांनीं पुढें १९७० नंतर पनामांतील कुना लोकांच्या भाषेंतलें ‘आब्या याला’ हें नांव पत्करलें आणि ‘अमेरिका’ हें नांवच बाजूस सारलें.

या निबंधाचें मराठी भाषांतर कोणी करील तर त्यानें प्रत्येक ‘अमेरिकन’ शब्दाखालीं तेथें कोण अभिप्रेत आहे याची टीप द्यावी, एवढी आमची सूचना आहे.