‘मंजूर’ या शब्दाचा व्यवहार

रजा मंजूर होते, कर्ज मंजूर होते, जामीन मंजूर होतो. आणि घरातले तरुण माणूस अवेळी गेले की ‘देवाला मंजूर नव्हते’ असे म्हणून सांत्वन केले जाते. ‘संमत’, ‘मान्य’, ‘कबूल’, ‘होकार’ असे पर्याय हाताशी असताना कार्यालय आणि नियती या दोहोंसाठी मराठीने हाच शब्द का राखला, याचे उत्तर त्याच्या अर्थघटनेत शोधावे लागते.

‘मंजूर’ हे मुळात अरबी कर्मणी कृदंत. ‘नजर’ ज्या धातूपासून आली त्याच धातूचे हे रूप. ‘नाझर’ म्हणजे पाहणारा, ‘मंजूर’ म्हणजे पाहिलेले. अर्ज वरिष्ठाच्या दृष्टीस पडला म्हणजे तो मान्य झाला, हा दरबारी संकेत या शब्दात गोठलेला आहे. (‘नजराणा’ मात्र या कुळातला नव्हे, तो नवस या अर्थाच्या निराळ्या अरबी शब्दावरून आला. मराठी उच्चारात दोन्ही कुळे एकत्र आली आणि व्यवहारानेही त्यांची गाठ घालून दिली!) आजच्या इराणी फारसीत याच शब्दाचा अर्थ ‘हेतू’, ‘अभिप्रेत आशय’ असा होतो. तिकडे नजर बोलणाऱ्याच्या मनातील लक्ष्याकडे वळली; इकडे ती वरून खाली पडणारी नजरच राहिली. ‘फार्शी-मराठी कोश’ (१९२५) सिद्ध करणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. पण अशा शब्दांमागची सत्तारचना प्रतिशब्दाने बदलत नाही. ‘मंजुरी’च्या जागी ‘मान्यता’ आली, तरी देणारा आणि घेणारा आपापल्या जागीच राहिले.

हा भेद व्याकरणात अधिक उघडा पडतो. ‘शासनाने प्रकल्प मंजूर केला’ या वाक्यात तृतीयान्त कर्ता आहे, कृती आहे. ‘मला मंजूर आहे’ या वाक्यात चतुर्थी आहे आणि ‘असणे’ हे क्रियापद. येथे बोलणारा काही करत नाही, समोर आलेले त्याला मंजूर असते वा नसते इतकेच. ऑस्टिनच्या परिभाषेत पहिले वाक्य निर्णय घडवणाऱ्या उक्तिकृतीचा वृत्तान्त आहे. दुसरे मुळातच उत्तर आहे, म्हणजे प्रश्न आधी दुसऱ्याने विचारलेला असावा लागतो.

गोसीखुर्दच्या संदर्भात ही व्याकरणचर्चा केवळ शास्त्रीय राहत नाही. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या असलेल्या या धरणाला १९८३ साली ३७२ कोटी रुपयांची प्रशासकीय मान्यता मिळाली. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला आणि प्रत्येक वाढीबरोबर ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ लागली. हा शब्दप्रयोग इतक्या वेळा लिहावा लागतो, की कचेऱ्यांनी त्याचा ‘सुप्रमा’ केला आहे. शासन निर्णय ही संहिता म्हणून वाचली तर तिच्यातील ‘मान्यता देण्यात येत आहे’ हे वाक्य विलक्षण ठरते: तृतीयान्त कर्ताही येथे गळून पडतो. खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे लिहिलेले असते. पाहणारा डोळा कोणाचा, हे वाक्य सांगत नाही. ‘देवाला मंजूर नव्हते’ या उद्गाराशी या संहितेचे नाते आहे ते येथे. तिथे निदान देवाचे नाव तरी घेतले जाते.

बुडीत गावातल्या शेतकऱ्याच्या ‘मंजूर’ला या संहितेत जागा कोठे होती? येथील भूसंपादनाचा बराचसा भाग १८९४ च्या कायद्याखाली झाला. त्यात मालकाला हरकत घेता येत असे; त्याची संमती मात्र अट नव्हती. निवाड्याची रक्कम हरकत न नोंदवता उचलली, तर वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली न्यायालयाकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करण्याचा हक्क उरत नसे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन कायद्याने असे शब्दशः घेतले. पैशाची निकड असलेल्या, कागद वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा उठवला की तो ‘मंजूर’ न उच्चारताही मंजूर म्हणून बसे. २०१३ च्या कायद्याने ‘पूर्वसंमती’ आणली ती खाजगी कंपन्यांसाठी ८० टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची. शासनाने स्वतःसाठी बांधलेल्या धरणाला तिची गरज आजही नाही.

ग्रामसभा ठराव ‘मंजूर करते’, म्हणजे तृतीया तिलाही मिळते, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. परंतु पुनर्वसनाच्या मागणीचा ठराव गावात मंजूर झाला, तरी त्याचे फलित पुन्हा वरच्या मंजुरीवरच अवलंबून असते. पहिल्या ‘मंजूर’ने दुसऱ्या ‘मंजूर’साठी केलेला तो अर्जच असतो. २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर झाले. ‘मंजूर झाले’ आणि ‘मिळाले’ ही दोन क्रियापदे बोली व्यवहार काटेकोरपणे वेगळी ठेवतो. मंजुरीची बातमी ऐकणारा माणूस लगेच विचारतो, ‘पण हातात किती आले?’