हिम नाही, हिव आहे

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एका ऑनलाइन मीटिंगमध्ये नॉर्थ कॅरोलिनातला माझा सहकारी काम आवरता आवरता म्हणाला, "आज रात्री आमच्याकडे हंगामातलं पहिलं फ्रॉस्ट पडणार आहे. अंधार पडायच्या आत टोमॅटोवर जुन्या चादरी टाकायच्या आहेत." मग त्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे पहिलं फ्रॉस्ट कधी असतं?" मी म्हटलं, "आमच्याकडे पडत नाही." विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. लॅपटॉप मिटल्यावर मी 'फ्रॉस्ट'ला मराठी शब्द शोधत बसलो. हिमतुषार, हिमकण, गोठलेलं दव. हे सगळे वर्तमानपत्रात वाचलेले शब्द. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की हिवाळ्यात ते छापून येतात. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या घरात यातला एकही शब्द कधी कुणी उच्चारला नाही. घरात होता तो 'हिव'. आजी म्हणायची, "हिव वाजायलंय, गोधडी घे." हिव हा 'हिम'चाच मराठीतला वंशज. हिवाळा, हिवताप हे त्याच घरातले. संस्कृतात जे हिम डोंगरावर पडतं, ते आमच्यापर्यंत येता येता माणसाच्या अंगात शिरलं. बर्फाचं कापरं झालं.

हा लेख थंडीबद्दल आहे, पण त्याहून जास्त थंडीबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्याबद्दल आहे. माझं म्हणणं असं, की पावसाबद्दल इतकं बारीक बोलणारी आपली भाषा पाऊस संपल्यावर अचानक ढोबळ होते. अश्विन ते मार्गशीर्ष हे तीन महिने आपण एक तर चांदण्यात काढतो किंवा शेकोटीपाशी. मधल्या काळात शेतात काय चाललेलं असतं, ते आपल्या गद्यात फारसं उतरत नाही.

मी डेटाचं काम करतो, त्यामुळे पहिला प्रश्न मोजपट्टीचा पडतो. वर्षाचे तुकडे किती केलेत? कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त सहा. ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतापाशी संपणारे सहा सर्ग, दोन-दोन महिन्यांचे सहा कप्पे. त्यात शरद नववधूसारखी येते. काशाची फुलं, निरभ्र आकाश, पिकलेलं भात. शाळेतल्या निबंधांपासून दिवाळी अंकांपर्यंत आपला शरद अजून याच कप्प्यातून निघतो. आमच्या भागात भात नाही. शरदातल्या दुपारीला लोक 'ऑक्टोबर हीट' म्हणतात. आणि आकाश निरभ्र असेलच याची खात्री अजिबात नाही. 2020 साली ऑक्टोबरच्या मध्यावर झालेल्या अतिवृष्टीने काढून ठेवलेलं सोयाबीन रानातच कुजलं. 2025च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात पुराचं पाणी घरादारांत शिरलं. या वर्षांच्या शरदाला नववधू म्हणायचं तर नववधूवर अन्याय होईल.

दुसरी मोजपट्टी बारा तुकड्यांची. ती दुर्गा भागवतांची. 'ऋतुचक्र' 1956 साली आलं, म्हणजे त्याला जवळपास सत्तर वर्षं झाली. मी ते विकत घेतलं जानेवारी 2020मध्ये, उस्मानाबादला 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा, तिथल्या ग्रंथप्रदर्शनात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. नोकरी लागून थोडेच महिने झाले होते, खिशात पहिल्यांदाच स्वतःचे पैसे होते आणि सकाळच्या गारठ्यात मांडवाकडे जाताना अख्खा गाव स्वेटर घालून साहित्याला निघाल्यासारखा वाटत होता.

'ऋतुचक्र'ने मला काय दिलं ते आधी सांगायला हवं, कारण पुढे मी तक्रार करणार आहे. या पुस्तकाने सहा ऋतूंची जुनी चौकट बाजूला ठेवून चैत्र ते फाल्गुन असे बारा महिने घेतले. वरवर ही साधी मांडणी वाटते, पण त्यात मोठा निर्णय आहे. ऋतू हा संस्कृत काव्यातला शब्द आणि महिना हा घरातला. सणवार, उपास, भाज्या, लग्नसराई या सगळ्यांचा हिशेब महिन्याने होतो. लोकसाहित्याच्या अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंनी निसर्गाचं लेखन त्या घरगुती मापावर आणलं. शिवाय त्या एखादं झाड नुसतं सुंदर आहे म्हणून सोडून देत नाहीत. ते कधी काय करतं, त्याला लोक काय म्हणतात, त्याबद्दल काय समजुती आहेत, हे त्या पाहतात. ते वाचल्यावर मी पहिल्यांदा आमच्या बांधावरच्या बाभळीकडे नीट पाहिलं. एवढं श्रेय एखाद्या पुस्तकाला पुरे.

तरीही अश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष ही प्रकरणं मी घरी बसून वाचली की काहीतरी अडतं. ते मुंबई आणि मराठवाडा या अंतराचं अडणं नाही. लेखकाने माझ्याच जिल्ह्याबद्दल लिहावं अशी मागणी बालिश आहे. अडतं ते पाहणाऱ्याच्या जागेपाशी. 'ऋतुचक्रा'तल्या पाहणाऱ्याचं पोट त्या महिन्यावर अवलंबून नाही. म्हणून तिथे महिना येतो, फुलतो, सरतो आणि चक्र पुढे जातं. पुस्तकाच्या नावातच दिलासा आहे, की गेलेलं परत येईल. आमच्या घरी कार्तिक परत येतो हे खरं, पण या कार्तिकात गळालेला तुरीचा फुलोरा परत येत नाही.

तिसरी मोजपट्टी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांचं वर्ष नक्षत्रांचं. सत्तावीस नक्षत्रं, सूर्य प्रत्येकात तेरा-चौदा दिवस. मृगापासून स्वातीपर्यंत ते एकेक नक्षत्र नावाने मोजतात, पंचांगात त्याचं वाहन बघतात, मग ते बेडूक आहे की हत्ती यावर पैजा लावतात. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस कसा झाला, रानाला वाफसा कधी आला, यावर रब्बीच्या ज्वारीची पेरणी ठरते. ही ज्वारी पुढे बहुतेक जमिनीत साठलेल्या ओलीवर जगते. 'वाफसा' या एका शब्दात माती किती ओली, किती मोकळी आणि तिफण आत जाईल की नाही, हे सगळं मावतं.

पण स्वाती संपली की अण्णांची मोजणीही थांबते. विशाखा, अनुराधा, ज्येष्ठा ही नक्षत्रं सूर्य ओलांडत असतो, पण आमच्या घरी त्यांचं नाव कुणी घेत नाही. कारण उघड आहे. पाऊस फसला तर सगळंच फसतं, म्हणून भाषेने आपली सगळी बारकाई पावसावर खर्च केली. थंडी मात्र कामाला येणारी, फुकटची गोष्ट होती. 'हरभरा थंडीवर येतो' एवढं म्हटलं की झालं. तिच्या वाट्याला तुकडे आले नाहीत. एक सण आला, येळवस.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला धाराशिव-लातूरकडे वेळ अमावस्या होते, तीच आमची येळवस. रानात कडब्याची कोपी करून आत पाच पांडव मांडायचे. डोक्यावरून आंबिलीचं मडकं न्यायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा खायला पाहुणे-शेजारी सगळ्यांना रानात बोलवायचं. त्या दिवशी शहरातल्या रस्त्यांवरही शुकशुकाट असतो. मला येळवस हा या भागातला थंडीवरचा सर्वात चांगला मजकूर वाटतो. तो कुणी लिहिलेला नाही, पण त्यात स्थळ, काळ, पीक आणि माणसं एकत्र आहेत. ज्वारी उंच झालेली, हरभरा घाट्यांवर आलेला, तूर काढणीकडे झुकलेली. काय आलं आणि काय गेलं ते एव्हाना दिसायला लागलेलं असतं. पण हा मजकूर वर्षातून एक दिवसाचा. त्याआधीच्या दोन महिन्यांतल्या रात्रींबद्दल तो काही सांगत नाही.

आणि आता त्या रात्रीच महत्त्वाच्या झाल्या आहेत. आमच्याकडे दीड एकर द्राक्ष आहे. ऑक्टोबरात फळछाटणी केली की नोव्हेंबरात वेल फुलोऱ्यात येतो. तेव्हा पहाटे धुई पडली आणि पानं उशिरापर्यंत ओली राहिली, तर केवडा रोग घड गिळतो. बंगालच्या उपसागरात काही घडलं आणि इकडे आभाळ आलं, तर थंडी पळते, भुरी येते आणि हरभऱ्यावर घाटे अळी चढते. डिसेंबरात कडाका वाढला तर मणी फुगत नाहीत, ऐन फुलोऱ्यातल्या ज्वारीचे दाणे भरत नाहीत. अण्णांच्या वडिलांना थंडी कळली नाही तरी चालत होतं. अण्णांना चालत नाही.

म्हणून मी त्यांना रोज रात्री अंदाज पाठवायला लागलो. किमान तापमान अमुक, आर्द्रता तमुक. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "पारा ऱ्हाऊ दे. धुई हाय का नाय, तेवढं सांग." मला सांगता येईना. ढग नसलेल्या, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडत राहते आणि सगळ्यात गार होतो तो जमिनीलगतचा थर. हवामान केंद्रातला तापमापक मात्र सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, लाकडी पेटीत असतो. त्यामुळे बातमीत येणारा आकडा आणि हरभऱ्याच्या फुलाला लागलेली थंडी यांत काही अंशांचा फरक पडतो. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला पारा शून्याच्या दिशेने घसरला की पाऱ्याने शून्य गाठायच्या आधीच द्राक्षपट्ट्यात दव गोठल्याच्या बातम्या येतात, त्या यामुळे. आमच्याकडे तेवढं होत नाही. आमच्याकडे त्याच शांत रात्री, मागचा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला असेल तर, रानातल्या ओलीतून धुई उठते. अण्णा पहाटे पाच वाजता बाहेर जाऊन पानावर बोट फिरवतात आणि त्यावरून फवारणी ठरवतात. माझ्या आकड्यांत ते बोट नव्हतं.

हे बोट मराठी साहित्यात कुठे आहे, असं शोधायला गेलो तर आपल्याच जिल्ह्यातले भास्कर चंदनशिव भेटतात, कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. 'लाल चिखल' ही त्यांची कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. ऋतूवरच्या सगळ्या ललित लेखनाला ती कथा उत्तर देते असं मला वाटतं. पीक आलेलं आहे, टोमॅटो लाल झालेत, म्हणजे आभाळाने आपलं काम केलेलं आहे. तरी बाजारात भाव मिळत नाही आणि बाप तो माल स्वतःच्या पायांनी तुडवतो. हंगाम रानात संपत नाही, तो बाजारात संपतो, हे चंदनशिवांनी जितकं स्पष्ट दाखवलं तितकं कुठल्याच शरदवर्णनाने दाखवलं नाही. सहकाऱ्याच्या चादरीखालचे टोमॅटो मला आठवतात तेव्हा हे टोमॅटोही आठवतात.

पण ग्रामीण कथेच्या या परंपरेची एक मर्यादाही आहे. तिथे हवामान बहुधा निकालाच्या रूपात येतं. पाऊस आला नाही, गारपीट झाली, पीक गेलं. घाव दिसतो, पण त्या आधीच्या चाळीस पहाटा दिसत नाहीत. ज्याचं नुकसान होणार आहे तोही त्या पहाटे काहीतरी अतिशय बारीक पाहत असतो, धुईच्या वासावरून आज ऊन कधी पडेल ते ओळखत असतो, आणि कधी कधी त्याला ते सुंदरही वाटतं. दुःखाच्या कथेत या पाहण्याला जागा मिळत नाही. दुर्गाबाईंकडे बारकाई आहे, पण जोखीम नाही. चंदनशिवांकडे जोखीम आहे, पण पाहायला सवड नाही. अण्णांकडे दोन्ही आहे, पण ते लिहीत नाहीत.

या रिकाम्या जागेत सध्या राहते ती 'गुलाबी थंडी'. नोव्हेंबर उजाडला की मथळे तयार असतात. गुलाबी थंडीची चाहूल, राज्याला हुडहुडी, पारा घसरला. हे शब्द पुण्यातल्या माझ्या खोलीत बसून वाचायला बरे वाटतात, मीही चहाचा फोटो टाकताना ते वापरले आहेत. पण गुलाबी ही थंडी कुणाची? ज्याला पहाटे पाचला बाहेर पडावं लागत नाही त्याची. दवासाठी 'दहिवर'सारखा शब्द असलेल्या भाषेने एका रंगावर समाधान मानावं, हे मला आळसाचं लक्षण वाटतं. आणि हा आळस निरुपद्रवी नाही. धुई, हिव, वाफसा हे शब्द निव्वळ बोलीची शोभा नव्हेत. ती निरीक्षणं आहेत. ती लिहिली गेली नाहीत तर अण्णांच्या पिढीबरोबर जातील, आणि मग माझ्याकडे फक्त किमान तापमान उरेल.

मला हवं असलेलं पुस्तक दुर्गाबाईंच्या पुस्तकाविरुद्ध जाणारं नाही. त्यांनी सहाचे बारा केले, तसे कुणीतरी स्वातीनंतरच्या दिवसांचेही तुकडे करावेत. सोलापूरहून तुळजापूरला कोजागिरीसाठी अनवाणी चालत निघालेल्या लोकांना ज्या रात्री पहिल्यांदा अंगावर शाल घ्यावीशी वाटते, तिथपासून सुरुवात करावी आणि येळवसेच्या कोपीपाशी थांबावं. मध्ये पहिली धुई यावी, आभाळ येऊन थंडी पळालेला आठवडा यावा, फवारणीची उधारी यावी, आडतीवरचा भावही यावा. हे लिहिणारा माणूस शेतकरीच हवा असं नाही, पण त्याचं कुणीतरी त्या रानात असायला हवं.

तोवर मी अंदाजाचा मेसेज बदलला आहे. आता रात्री आकड्यांच्या खाली एक ओळ मोकळी सोडतो आणि पहाटे अण्णा ती भरून पाठवतात. परवाची ओळ अशी होती: "धुई नाय. हिव लई. पानं कोरडी."